मधमाशी हमिंगबर्ड
मधमाशी हमिंगबर्ड (शास्त्रीय नाव: मेलिसुगा हेलेनी) हा क्यूबा द्वीपसमूहात आढळणारा प्रदेशनिष्ठ वनपक्षी असून तो जगातील सर्वांत लहान पक्षी मानला जातो. नराची चोच आणि शेपटीसह एकूण लांबी सुमारे ५.५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १.९५ ग्रॅम असते. मादी किंचित मोठी, सुमारे ६.१ सेंटिमीटर लांब आणि २.६ ग्रॅम वजनाची असते. सोनारांच्या जुन्या मापात सांगायचे तर नराचे वजन दोन मासे भरते, म्हणजेच एका तोळ्यात असे सहा नर बसतील. परिपक्व, वेलींनी भरलेल्या जंगलावर अवलंबून असलेली ही जाती आता बेटावरील मोजक्या आणि एकमेकांपासून तुटलेल्या भागांतच उरली आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिची नोंद ‘संकटसमीप’ या वर्गात आहे.

नाव आणि शोध
या पक्ष्याची शास्त्रीय ओळख योहानेस क्रिस्टोफ गुंडलाख (१८१०–१८९६) या जर्मन निसर्गअभ्यासकामुळे झाली. गुंडलाख १८३९ मध्ये क्यूबात आले आणि उर्वरित आयुष्याचा बहुतांश काळ त्यांनी तेथील पक्षी, कीटक व गोगलगायी यांचा अभ्यास करण्यात घालवला. क्यूबात त्यांना हुआन क्रिस्तोबाल या नावाने ओळखतात. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्देनास परिसरात १८४० च्या दशकात त्यांना हा पक्षी सापडला. त्याचे औपचारिक वर्णन मात्र हुआन लेम्बेये यांनी १८५० मध्ये क्यूबातील पक्ष्यांवरील आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केले. जातिवाचक नाव ‘हेलेनी’ हे गुंडलाख यांचे स्नेही चार्ल्स बूथ यांच्या पत्नी हेलेना यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. ‘मेलिसुगा’ या प्रजातिनामाचा लॅटिन अर्थ ‘मध शोषणारा’ असा होतो.

क्यूबात या पक्ष्याला ‘सुनसुन्सितो’ म्हणतात. ‘सुनसुन’ हे बेटावर सर्वत्र दिसणाऱ्या क्यूबन एमराल्ड या मोठ्या हमिंगबर्डचे नाव असून ते पंखांच्या गुंजारवावरून पडलेले आहे. ‘सितो’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. म्हणजे ‘चिमुकला सुनसुन’. ‘माशी-पक्षी’ अशा अर्थाचे एक स्पॅनिश नावही वापरात आहे. मराठीत हमिंगबर्डांना गुंजन पक्षी असेही म्हटले जाते, आणि ते नाव ‘सुनसुन’ या नावाइतकेच आवाजाशी प्रामाणिक आहे.

वर्गीकरण
हमिंगबर्ड कुळात (ट्रोकिलिडी) साडेतीनशेहून अधिक जाती असून त्या सर्व केवळ उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत आणि लगतच्या बेटांवर आढळतात. या कुळाचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे पाकोळ्या. जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरून या वंशाचे पूर्वज एके काळी युरोपातही होते, हे २००४ मध्ये उघड झाले. आजच्या काळात मात्र भारतासह संपूर्ण आशियात एकही हमिंगबर्ड नाही.

महाराष्ट्रातील बागांमध्ये फुलांभोवती भिरभिरणाऱ्या शिंजिरांना अनेकदा हमिंगबर्ड समजले जाते. शिंजीर हे चिमण्या-बुलबुलांच्या गणातील पक्षी आहेत. लांब चोच, झळाळता रंग आणि मकरंदाची आवड ही साम्ये दोन्ही गटांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहेत. शिंजीर क्वचित क्षणभर हवेत स्थिरावतो, पण सहसा फांदीवर बसूनच मध पितो. संध्याकाळी फुलांवर तरंगताना दिसणारा जीव पुष्कळदा पक्षी नसून हॉकमॉथ जातीचा पतंग असतो.

मेलिसुगा या प्रजातीत दोनच जाती आहेत. दुसरी जाती, व्हर्वेन हमिंगबर्ड, जमैका आणि हिस्पॅनियोला या शेजारच्या बेटांवर राहते आणि आकारात दुसऱ्या क्रमांकाचा लहान पक्षी म्हणून ओळखली जाते. जगातील दोन सर्वांत लहान पक्षी एकाच समुद्रातील शेजारच्या बेटांवर असावेत, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. पूर्वी काही अभ्यासक मधमाशी हमिंगबर्डला उत्तर अमेरिकेतील ‘कॅलिप्टे’ या प्रजातीत ठेवत असत.

वर्णन
शरीर गोलसर आणि आटोपशीर असते. चोच सरळ व बारीक. विणीच्या हंगामातील नराचे डोके आणि गळा धगधगत्या लाल-गुलाबी रंगाचे असतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंची पिसे लांबून कल्ल्यांसारखी मागे जातात. पाठ निळी, पोट करडे-पांढरे. हंगाम संपल्यावर पिसे गळून नवी येतात, तेव्हा हा लाल साज नाहीसा होतो. मादीची पाठ निळसर हिरवी, खालची बाजू फिकट करडी आणि शेपटीच्या बाहेरील पिसांची टोके पांढरी असतात.

डोक्यावरचा लाल रंग रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या पेशींमध्ये मेलॅनिनचे अतिसूक्ष्म चपटे कण थरांमध्ये रचलेले असतात आणि त्यांत हवेच्या पोकळ्या असतात. या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी परस्परांत मिसळून विशिष्ट रंग उजळतो. त्यामुळे नराने मान वळवली की तोच गळा क्षणात काळपट, तर क्षणात निखाऱ्यासारखा दिसतो. छायाचित्रांत हा पक्षी प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाचा का वाटतो, याचेही कारण हेच.

दोन ग्रॅमची मर्यादा
उष्ण रक्ताच्या प्राण्यांमध्ये लहानपणाला एक सीमा असावी असे दिसते. थायलंड-म्यानमारमधील किट्टीचे वटवाघूळ सुमारे दोन ग्रॅमचे, एट्रुस्कन चिचुंदरी त्याहून किंचित कमी, आणि मधमाशी हमिंगबर्डचा नरही दोन ग्रॅमच्या आतबाहेर. तीन अगदी वेगळ्या वंशांतील जीव एकाच वजनापाशी येऊन थांबले आहेत.

यामागे भूमितीचा साधा नियम आहे. शरीर लहान होत जाते तसे त्याचे घनफळ पृष्ठभागापेक्षा वेगाने घटते. उष्णता घनफळात तयार होते आणि पृष्ठभागातून निसटते. म्हणून जीव जितका छोटा, तितका त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे जळणाऱ्या अन्नाचा वेग जास्त. हा वेग राखण्यासाठी हृदयालाही तितक्याच वेगाने धडधडावे लागते. या पक्ष्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असलेल्या निळ्या गळ्याच्या हमिंगबर्डमध्ये मिनिटाला १,२६० ठोके मोजले गेले आहेत. स्नायूने आकुंचन पावून पुन्हा सैल होण्याला लागणारा वेळ काही शून्यावर आणता येत नाही. हृदय एका मर्यादेपलीकडे वेग वाढवू शकत नाही. त्याहून लहान उष्ण रक्ताचा जीव जगू शकेल का, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा राहत नाही.

मार्च २०२० मध्ये म्यानमारमधील सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात सापडलेली एक चिमुकली कवटी ‘ऑक्युलुडेंटॅव्हिस’ या नावाने प्रसिद्ध झाली. ती पक्षीसदृश डायनोसॉरची असून तो प्राणी मधमाशी हमिंगबर्डएवढा किंवा त्याहून लहान असावा, असा दावा ‘नेचर’ या नियतकालिकातील शोधनिबंधात करण्यात आला. त्यावर लगेच आक्षेप आले. त्याच वर्षी जुलैमध्ये हा शोधनिबंध मागे घेण्यात आला आणि पुढील अभ्यासात ती कवटी एका सरड्याची ठरली. सर्वांत लहान पक्ष्याचा मान क्यूबातील या जातीकडेच राहिला.

उड्डाण आणि ऊर्जा
मधमाशी हमिंगबर्डचे पंख सेकंदाला सुमारे ८० वेळा फडफडतात. डोळ्यांना ते केवळ एक धूसर वर्तुळ भासते आणि कानाला सलग गुणगुण ऐकू येते. बहुतेक पक्षी पंख खाली आणतानाच शरीर उचलून धरणारा जोर निर्माण करतात. हमिंगबर्डांच्या खांद्याच्या सांध्यात पंख उलटा वळवण्याची सोय असल्याने वर जाणारा फटकाराही वाया जात नाही. रूफस हमिंगबर्ड या जातीवरील २००५ च्या प्रयोगांत जोराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग खालच्या आणि एक चतुर्थांश वरच्या फटकाऱ्यातून मिळतो असे आढळले. कीटकांमध्ये हे प्रमाण जवळजवळ समसमान असते. हमिंगबर्ड पक्ष्यांच्या व कीटकांच्या मध्ये कोठेतरी उभे आहेत. मागे उडणे, एका जागी तरंगणे, फुलातून चोच सरळ बाहेर ओढून घेणे हे सर्व यामुळेच शक्य होते.

एवढ्या खर्चाला इंधन सतत हवे. हमिंगबर्ड उडताना मुख्यतः नुकतीच प्यायलेली साखर जाळतात. साठवलेली चरबी रात्रीसाठी आणि उपासाच्या वेळेसाठी राहते. अंधार पडला की फुले दिसत नाहीत आणि दिवसाच्या वेगाने जगणे परवडत नाही. अशा वेळी हमिंगबर्ड सुप्तावस्थेत जाऊ शकतात. तेव्हा शरीराचे तापमान भोवतालच्या हवेच्या जवळ उतरते, हृदयाची गती मंदावते आणि पक्षी निष्प्राण वाटतो. अँडीज पर्वतातील एका जातीत हे तापमान सुमारे ३.३ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याची नोंद २०२० मध्ये झाली. क्यूबातील रात्री उबदार असल्याने तेथे इतके खाली उतरण्याचा प्रश्न येत नाही.

आहार
मकरंद हे मुख्य अन्न. त्याला प्रथिनांची जोड लहान कीटक आणि कोळी यांतून मिळते. पिल्ले वाढवणाऱ्या मादीला त्यांची विशेष गरज असते, कारण निव्वळ साखरेवर पिसे आणि स्नायू घडत नाहीत.

हमिंगबर्ड मध नळीतून शोषतात असा समज दीर्घकाळ होता. त्यांच्या जिभेचे टोक दुभंगलेले आणि झालरयुक्त असते. मधात बुडताच ही झालर उलगडते आणि जीभ मागे घेताना मिटून थेंब अडकवते, हे २०११ मध्ये वेगवान चित्रीकरणातून दिसून आले. चवीची गोष्टही तितकीच अनपेक्षित आहे. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोड चव ओळखणारे एक जनुक गमावले होते. हमिंगबर्डांमध्ये मांसाहारी चव ओळखणारे ग्राहक प्रथिन बदलून साखर ओळखू लागले, असे २०१४ च्या संशोधनात आढळले.

ज्या फुलांना मधमाशी हमिंगबर्ड भेट देतो त्यांतील बहुतेक झाडे क्यूबाची स्थानिक आहेत. हॅमेलिया पेटन्स हे त्यांतील सर्वांत परिचित. नारिंगी-लाल नळीसारखी फुले देणारे हे झुडूप कदंब आणि कॉफीच्या कुळातील असून महाराष्ट्रातील उद्यानांत आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर ते सर्रास लावले जाते. येथे त्यावर शिंजीर येतात. पिवळ्या फुलांचा टर्नेरा आणि मूळची मेक्सिकोतील आइसक्रीम वेल ही आपल्याकडे शोभेसाठी वाढवली जाणारी झाडेही त्या यादीत आहेत. पक्ष्यांसाठी घडलेल्या लांब नळीच्या फुलांपुरता हा पक्षी थांबत नाही. कीटकांसाठी उमललेल्या लहान, उथळ फुलांतील थोडासा मधही त्याला पुरतो, आणि मोठ्या हमिंगबर्डला ज्यावर वेळ घालवणे परवडणार नाही अशी फुले त्याच्या वाट्याला येतात. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना कपाळाला व चोचीला लागलेले पराग पुढे वाहून नेले जातात. मोठ्या आणि भांडखोर क्यूबन एमराल्डच्या शेजारी जगताना हे लहानपण सोयीचे ठरत असावे.

वीण
विणीचा हंगाम साधारणपणे मार्च ते जून असतो. नर उंच, निष्पर्ण डहाळीच्या टोकावर बसून बारीक, चिरका आवाज काढत राहतो आणि मादी दिसताच उंच चढून तिच्यासमोर झेपावतो. गळ्याची पिसे तेव्हा फुलवलेली असतात. याच गटातील ॲना हमिंगबर्डमध्ये झेपेच्या शेवटी येणारी शीळ गळ्यातून निघत नसून शेपटीच्या पिसांच्या कंपनातून निघते, असे २००८ मध्ये सिद्ध झाले.

मीलनानंतर नराचा संबंध संपतो. घरटे बांधणे, अंडी उबवणे व पिल्लांना भरवणे ही सर्व कामे मादी एकटी करते. घरटे वाटीच्या आकाराचे, सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचे असते, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून जेमतेम मोठे. झाडाची साल, दगडफूल आणि कोळ्यांचे जाळे यांनी ते फांदीवर चिकटवलेले असते व आत मऊ वनस्पतितंतूंचे अस्तर असते. कोळ्याचा धागा ताणला जातो, त्यामुळे पिल्ले वाढतात तसे घरटेही थोडे रुंदावते. बाहेरील दगडफुलामुळे ते फांदीवरची गाठच वाटते. मादी वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी घालते.

आढळ आणि अधिवास
एके काळी हा पक्षी बेटावर बहुतेक ठिकाणी आढळत असे. सध्याची ठळक ठिकाणे म्हणजे पश्चिम टोकाचे ग्वानाआकाबिबेस द्वीपकल्प, दक्षिणेकडील सापाता दलदल आणि पूर्वेकडील मोआ व ग्वांतानामोकडील डोंगराळ व किनारी पट्टे. सापाता दलदलीच्या काठावरील पालपिते या खेड्यातील एका घराच्या अंगणातील हॅमेलियाच्या झुडपांवर हे पक्षी नियमित येतात आणि जगभरचे पक्षीनिरीक्षक तेथेच प्रथम त्यांना पाहतात. मात्र अंगणात दिसतो म्हणून हा बागेतला पक्षी ठरत नाही. ते अंगण जंगलाला लागून आहे.

या जातीला लागते ते जुने वन: निरनिराळ्या वेळी फुलणाऱ्या वृक्ष-वेलींचे, वृक्षांवर वाढणाऱ्या वनस्पतींचे, कडेला झुडपे असलेले. नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या काळातही कोठेतरी काहीतरी फुललेले असावे लागते. दोन ग्रॅमच्या पक्ष्याला उपासाचे दोन दिवसही जड जातात. म्हणूनच झाडांच्या संख्येपेक्षा त्यांच्या विविधतेला येथे अधिक महत्त्व आहे.

धोके आणि संवर्धन
गुंडलाख यांना हा पक्षी सापडला तो मातान्सास-कार्देनासचा प्रदेश एकोणिसाव्या शतकात क्यूबातील ऊसशेतीचे केंद्र होता. म्हणजे जातीची ओळख झाली त्याच काळात, त्याच परिसरात तिचे जंगल साखर कारखान्यांच्या भट्ट्यांत आणि उसाच्या फडांखाली जात होते. कॉफी, कोको, तंबाखू आणि गुरांची कुरणे यांनीही आपला वाटा उचलला. १९५९ मध्ये क्यूबाच्या भूमीपैकी सुमारे १४ टक्केच क्षेत्र वनाच्छादित उरले होते.

त्यानंतर वनीकरण झाले आणि अधिकृत आकडेवारीनुसार हे प्रमाण आता ३० टक्क्यांच्या वर आहे. आकडा दिलासा देणारा असला तरी त्यात लागवडीच्या वनांचाही वाटा आहे, आणि एकाच जातीच्या झाडांची रांग या पक्ष्याला वर्षभर पोसू शकत नाही. दुसरीकडे, २००२ मध्ये देशातील सुमारे निम्मे साखर कारखाने बंद झाले आणि पडीक पडलेल्या उसाच्या जमिनी व कुरणे ‘माराबू’ या काटेरी झुडपाने व्यापली. हे माराबू म्हणजे महाराष्ट्राच्या कोरड्या माळरानांवर आढळणारी सिगमकाटी. आफ्रिका व दक्षिण आशियात ती मूळची वनस्पती आहे. क्यूबात एकोणिसाव्या शतकात पोहोचून ती सर्वांत उपद्रवी तण बनली. तिची दाट, अभेद्य काटेरी रानी उपग्रहचित्रात हिरवी दिसते, पण तिथे वेली, जुने वृक्ष आणि त्यांच्यावरील फुलोरा परतण्यास फारसा वाव राहत नाही.

चक्रीवादळांचा धोका वेगळ्या स्वरूपाचा आहे. नोव्हेंबर २००१ मधील मिशेल हे चक्रीवादळ सापाता दलदलीच्या किनाऱ्यावरच धडकले. अशा वादळात पक्षी वाचले तरी फुले झडून गेलेली असतात. जंगल अखंड असताना शेजारच्या सुरक्षित भागातून पक्षी पुन्हा पसरू शकत. तुकडे दूरदूर असतील तर ती शक्यता कमी होते.

उरलेल्या अधिवासाचा मोठा भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. ग्वानाआकाबिबेस (१९८७) आणि सापाता दलदल (२०००) ही युनेस्कोची जीवावरण राखीव क्षेत्रे आहेत. सापाता २००१ पासून रामसर स्थळही आहे. पूर्वेकडील आलेहांद्रो दे हुम्बोल्ट राष्ट्रीय उद्यान २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. हमिंगबर्डांच्या जवळजवळ सर्व जाती वन्यजीव व्यापारविषयक ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे.

लोकजीवनात
सुनसुन आणि सुनसुन्सितो हे शब्द क्यूबाच्या रोजच्या बोलण्यात आहेत. अमेरिकी शासकीय निधीतून क्यूबातील भ्रमणध्वनीधारकांसाठी २०१० ते २०१२ या काळात गुप्तपणे चालवलेल्या संदेशसेवेचे ‘सुनसुनेओ’ हे नावही हमिंगबर्डच्या किलबिलाटासाठी असलेल्या क्यूबन शब्दावरून घेतलेले होते. तिचे खरे स्वरूप असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०१४ मध्ये उघड केले.